आधी कान पाहणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

आईच्या स्मरणचाचणीचा कागद समोर ठेवून लिहितोय. त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट कागदावर कुठेच नाही. शब्दांची यादी वाचण्याआधी तुम्ही खुर्ची सरकवून तिच्या समोर बसलात, कानाचं मशीन चालू आहे ना ते पाहिलंत आणि यादीबाहेरचे चार शब्द तिच्याकडून म्हणवून घेतलेत. अर्धं मिनिट लागलं असेल.

आधीच्या ठिकाणी तेवढी सवड कुणाला नव्हती. पंधरा शब्द सेकंदाला एक असे वाचायचे, मग आठवतील तेवढे म्हणवून घ्यायचे, अशा पाच फेऱ्या, असा नियम. तिथे मान खाली घालून भराभर उरकले. समजा यादीत ‘नळ’ होता आणि आई ‘फळ’ म्हणत राहिली. (खरे शब्द लिहीत नाही, फुटले की चाचणी वाया जाते.) पाचही फेऱ्यांत तेच, आणि त्यांनी मांडल्या पाच चुका! अहो, सारख्या आवाजाचा तोच शब्द दरवेळी येत असेल तर आधी कानावर संशय घ्यायचा. चुकीचा ऐकलेला शब्द तिने पाचही वेळा नीट लक्षात ठेवला होता. महिन्याभराने पुन्हा बोलावलं तर यादीही तीच. सरावाने वाढलेले गुण मग मधल्या काळात घेतलेल्या गोळीच्या नावावर जमा होतात.

तुम्ही दुसरी यादी काढलीत. मधल्या पंचवीस मिनिटांत शब्दांचं काही न देता चित्रं काढायला दिलीत, म्हणजे नवे शब्द जुन्यांत मिसळायला नकोत. त्यानंतर तिला चारच आठवले. पुष्कळ जण इथेच कागद मिटतात. तुम्ही ‘आणखी काही?’ म्हणून गप्प बसून राहिलात, मग यादीतले आणि बाहेरचे शब्द मिसळून वाचून ‘होता की नव्हता’ विचारलंत. पंधरापैकी तेरा तिने ओळखले. खोटे ‘होता’ किती तेही मोजलंत, कारण सगळ्यालाच हो म्हणणाऱ्यालाही पंधरा मिळतात. तिचे खोटे फक्त दोन. म्हणजे शब्द आत पोचलेत, बाहेर काढताना अडतात. ओळखताही आले नसते तर अर्थ फार वेगळा झाला असता. एका बैठकीवरून निदान होत नाही, हेही तुम्हीच बजावलंत.

चांगुलपणा म्हणजे बरेचदा कामातला नेटकेपणाच असतो. आई मात्र एवढंच म्हणाली, ‘त्या बाईंनी मला घाई केली नाही.’

सहा महिन्यांनी येऊ तेव्हा मशीनचे सेल नवे घालूनच आणतो.

आपला कृतज्ञ,
एक मुलगा