चेम्निट्झमधल्या माझ्या ताईला

ताई,

तू चेम्निट्झहून स्टुटगार्टला नोकरीसाठी गेलीस तेव्हा स्टेशनवर बॅगा चढवायच्या गडबडीत नीट बोलताच आलं नाही. व्हॉट्सॲपवर थँक्यू लिहून माझं समाधान होत नाहीये, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तू माझ्यासाठी जे केलंस ते चार लोकांना कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मी लातूरहून इथे जर्मनीत शिकायला आले तेव्हा माझी तयारी म्हणजे थंडीचे कपडे, कुकर, आईचे मसाले आणि एम्बेडेड सिस्टिम्सचा सिलॅबस. इथलं निम्मं आयुष्य पोस्टाच्या पेटीतून चालतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तू मात्र रूमची किल्ली मिळाल्या मिळाल्या मला खाली नेलंस आणि लेटरबॉक्सवर माझं आडनाव चिकटवून घेतलंस, कारण पेटीवर नाव नसेल तर पत्र आलं तसं परत जातं. पुढचं सगळं त्या चिठ्ठीवर अडलेलं होतं गं. राहायला आल्यापासून २ आठवड्यांत आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंद करायची, तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, नोंद झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येणार, बँकेचं कार्ड एका पाकिटात नि पिन दुसऱ्या पाकिटात तेही वेगळ्या दिवशी, आणि ते खातं चालू झाल्याशिवाय श्पेरकोन्टोमधला, म्हणजे आधीच पैसे भरून ठेवलेल्या आणि दर महिन्याला ठरावीकच रक्कम सोडणाऱ्या खात्यातला, एक सेंटही हातात येत नाही. पप्पांनी कर्ज काढून भरलेले ११,९०४ युरो तिकडे पडलेले आणि इकडे मी सोबत आणलेल्या नोटा मोजत बसलेली. दर महिन्याचे ९९२ युरो सुरू होईपर्यंत तांदूळ, डाळ, तेल सगळं तुझ्या कपाटातून आलं. नंतर पैसे द्यायला आले तर तू म्हणालीस, पुढच्या वर्षी जी येईल तिला दे.

पण ताई, मला खरे आभार मानायचेत ते त्या रविवारांसाठी. रविवारी इथे दुकानं बंद, मेन्झा म्हणजे युनिव्हर्सिटीची खानावळ बंद, सगळं सामसूम. तू मला आठवड्याची सगळी पत्रं घेऊन किचनमध्ये बोलवायचीस. मोबाईलवर भाषांतर करून मोकळं होता आलं असतं, तू ते करू दिलं नाहीस. आधी तारीख शोध, मग रक्कम शोध, मग कोण मागतंय ते बघ, बाकीचं नंतर. ही तुझी पद्धत मी अजून तशीच वापरते. ते रुंडफुंकबायट्रागचं, म्हणजे टीव्ही-रेडिओच्या फीचं, पत्र आलं तेव्हा मी घाबरलेच होते, घरात टीव्ही नाही रेडिओ नाही आणि महिन्याला १८.३६ युरो कसले, तर तू शांतपणे समजावलंस की हे माणशी नसतं, एका फ्लॅटमागे एकच असतं, आपल्यातल्या एकीने भरायचं आणि बाकीच्यांनी तिचा त्या फीचा नंबर कळवायचा. तिघींनी वाटून घेतलं, विषय संपला. तुझा स्वतःचा थीसिस तेव्हा डोक्यावर होता, हे मला आता माझा सुरू झाल्यावर नीट कळतंय. कुठून काढत होतीस गं एवढा वेळ?

रेसिडेन्स परमिटच्या अपॉइंटमेंटला तू सोबत आलीस पण आत माझ्या शेजारी न बसता बाहेर बसलीस. आदल्या रात्री माझ्याकडून पाचसहा वाक्यं घोकून घेतली होतीस. माझं जर्मन तुटकं होतं, तरी समोरच्या बाई हळूहळू बोलल्या, काम झालं, आणि बाहेर आल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे राहू शकते. तू आत बसली असतीस तर मी तोंड उघडलंच नसतं, हे तुला आधीच माहीत होतं.

परीक्षेचंही तसंच. लेक्चरला बसलं म्हणजे परीक्षेला बसता येतं असं इथे नसतं, ठरलेल्या दिवसांत पोर्टलवर वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं आणि ते दिवस गेले की गेले. तू ती तारीख फ्रिजवर लिहून ठेवली होतीस. माझ्यासोबतच्या किती जणांना मी हे सांगितलं असेल! आणि १.० म्हणजे सगळ्यात चांगले मार्क हे घरी समजवायला तूच पप्पांशी बोललीस, नाहीतर त्यांना वाटलं होतं पोरगी शंभरात एक मिळवून आली.

तापाची ती रात्र तर मी विसरणारच नाही. मी रडत ११२ लावायला निघाले होते, तू म्हणालीस तो नंबर जीवावर बेतलं तर, रात्रीच्या डॉक्टरसाठी ११६११७ असतो. फोन तू लावलास, रात्रपाळीची औषधांची दुकानं आलटून पालटून उघडी असतात त्यातलं जवळचं शोधलंस, ट्राम बंद होती म्हणून चालत गेलीस. सकाळी माझ्या आईला फोन करून म्हणालीस, "काकू, मी आहे इथे, तुम्ही जेवून घ्या." आई अजून तुझंच नाव काढते.

डिसेंबरात चार वाजता अंधार पडायला लागला आणि माझं कशात मन लागेना तेव्हा तू मला जबरदस्तीने दुपारच्या उजेडात श्लॉसटाइश तलावाभोवती फिरवायचीस. संध्याकाळी घराघरांच्या खिडक्यांतले श्विबबोगन दाखवायचीस, त्या दिव्यांच्या लाकडी कमानी. इथल्या एर्झगेबिर्ग डोंगरांतल्या खाणकामगारांच्या घरची ही रीत, थंडीत त्यांना दिवसाचा उजेडच दिसायचा नाही असं तू सांगितलंस. मला तेव्हा आपल्या आकाशकंदिलाची आठवण येऊन भरून आलं आणि तू काहीच न बोलता घरी येऊन भाकऱ्या केल्यास. गॅस नाही, ज्वाळ नाही, तरी इलेक्ट्रिक शेगडीच्या तव्यावर कपड्याने कडा दाबून दाबून भाकरी फुगवायची तुझी युक्ती मला आता जमते. फोडणीआधी खिडकी उघडायची, नाहीतर स्मोक अलार्म वाजतो, तेही पाठ झालंय.

तुझ्या रूममध्ये अकोल्याची एक मुलगी आलीये. डाळ-तांदळाचे तुझे पैसे तिच्याकडे पोचले. रविवारी पत्रं घेऊन ये म्हणून तिला सांगितलंय.

नवीन पत्ता पक्का झाला की लगेच कळव. आईने फराळ पाठवलाय आणि त्यातला चकलीचा अख्खा डबा तुझ्या नावाचा आहे, तो मी फोडलेला नाही.

तुझी,
लातूरची धाकटी