झेरॉक्सच्या दुकानातल्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुम्हाला मी आठवणार नाही. दहावीच्या फॉर्मची गर्दी होती आणि मी ‘एक मिनिटाचं काम आहे’ म्हणत मध्येच घुसलो होतो. वडिलांच्या खुब्याच्या ऑपरेशनची फाइल, १८६ पानं, एकाच पीडीएफमध्ये. विमा कंपनीला त्यातली ९ पानं हवी होती आणि त्यांच्या साइटवर ५ एमबीच्या वरचं काही चढत नव्हतं. माझी फाइल ३८ एमबीची.

मी तुम्हाला म्हणालो, सगळ्याची प्रिंट मारा, मग त्यातली ९ पानं परत स्कॅन करून द्या. तुमच्याकडे पानाला ५ रुपये, म्हणजे ९३० रुपयांचं गिऱ्हाईक समोर उभं होतं. तुम्ही चष्मा वर केलात आणि विचारलंत, “सगळी कशाला, काका?”

घरी मी प्रयत्न केला नव्हता असं नाही. भाच्याने सांगितलेल्या एका फुकटच्या साइटवर फाइल चढवायलाच निघालो होतो. ते ऐकून तुम्ही जवळजवळ ओरडलात. “त्यात बाबांचं आधार आहे ना? कॅन्सल चेक आहे? मग ती फाइल कुठल्या कोण माणसाच्या कॉम्प्युटरवर कशाला पाठवता?” आमच्या घरात एवढा विचार कोणी केला नव्हता.

मग तुम्ही फाइल क्रोममध्ये उघडलीत आणि चक्क प्रिंटचंच बटण दाबलंत. मला वाटलं, झालं, आता १८६ पानं येणार. पण प्रिंटरच्या नावाच्या जागी तुम्ही ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडलंत, पानांच्या रकान्यात ‘ऑल’ काढून ‘कस्टम’ केलंत आणि मला म्हणालात, सांगा आकडे. मी चिठ्ठी वाचली: ऑपरेशनची नोंद, ४१ ते ४४. तुम्ही टाकलेत ४७ ते ५०.

मी लगेच चूक काढायला गेलो. (बँकेत ३४ वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्यावर ही सवय जात नाही.) तुम्ही शांतपणे पहिली पानं दाखवलीत. मुखपृष्ठ, भरतीचा फॉर्म, संमतीपत्रं अशी सहा पानं, त्यांच्यावर आकडाच नाही. कोपऱ्यात छापलेला १ तिथून पुढे सुरू होतो. कॉम्प्युटर मात्र मुखपृष्ठापासून मोजतो, छापलेला आकडा त्याच्या खिजगणतीत नाही. आदल्या रात्री ४१ टाकल्यावर मला नर्सबाईंचा तापाचा तक्ता का मिळाला होता, ते तेव्हा कळलं. मी दवाखान्याला नावं ठेवून झोपलो होतो.

शेवटी रकान्यात असं दिसत होतं: १९, ४७-५०, ५२, १८४-१८६. सलग पानांना मधे आडवी रेघ, सुट्या पानांना स्वल्पविराम. एवढंच. ५२ वर खुब्यात बसवलेल्या सांध्याचं स्टिकर होतं, ते तुम्ही मोठं करून वाचता येतं का तेही पाहिलंत.

मूळ फाइलीतून ही पानं गेली का, असं मी विचारलं. आमच्या काळी फाइलीतून पान काढलं की फाइल तेवढी कमी व्हायची. “फाडत नाही काका, उतरवून घेतोय,” तुम्ही म्हणालात. नवी फाइल २ एमबीच्या आत बसली.

फायनल बिलाची वेगळी पीडीएफ होती, तिच्यावर डिजिटल सही. त्यातलंही एकच पान काढा म्हटल्यावर तुम्ही साफ नाही म्हणालात. सही अख्ख्या फाइलवर असते, पान वेगळं केलं की ती त्याच्याबरोबर येत नाही, डिजिटल सातबाऱ्याचंही तसंच, म्हणून ती जशीच्या तशी पाठवा. हे मला पोर्टलवरच्या मदतनिसाने दोनदा फोन करूनही सांगितलं नव्हतं.

निघताना तुम्ही माझ्यादेखत दोन्ही फाइली शिफ्ट-डिलीट केल्यात, व्हॉट्सॲप वेबमधून मला बाहेर काढलंत आणि २० रुपये घेतलेत. मी ५० पुढे केले तर ३० परत दिलेत.

पीडीएफ १९९३ साली आलं म्हणतात. आमचं लग्नही त्याच वर्षीचं. इतकी वर्षं दोन्ही वापरात आहेत, पण यातलं एक तरी मला आता थोडं समजतं.

क्लेम अजून पास झालेला नाही. परवा त्यांनी आणखी एक पान मागितलं, भूल देणाऱ्या डॉक्टरांची नोंद, छापील पान ५८. मी मोबाइलवरच फाइल उघडली, प्रिंट दाबलं, प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडलं आणि ६४ टाकलं. बरोब्बर तेच पान आलं.

आपला,
खुब्याच्या फाइलवाले काका