दादा, तुम्ही गाडीआधी ताईला विचारलंत

प्रिय मेकॅनिकदादा,

गाडी आता बंद पडत नाही, हे तुम्हाला फोनवर सांगून झालंय. पण फोनवर आभार मानताना बरंच राहून गेलं, ते इथे सगळ्यांसमोर लिहितोय. सेकंडहँड गाडी घेतली आणि ती भर रस्त्यात चालता चालता बंद पडायला लागली, अशा विवंचनेत असलेले बरेच जण हे वाचतील. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

तुम्ही आधी बॉनेट उघडलं नाहीत. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनरही लावला नाहीत. ड्रायव्हरच्या काचेपाशी आलात आणि ताईला विचारलंत, "बंद पडते तेव्हा आरपीएमचा काटा कसा पडतो? हळूहळू, की एकदम?" (आरपीएमचा काटा म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा.)

तोवर ज्यांनी ज्यांनी ही गाडी पाहिली, त्यांनी सगळे प्रश्न मला विचारले होते. गाडी ताईची, चालवते ती, बंद पडते तेव्हा स्टेअरिंगवर तीच असते आणि विचारपूस मात्र माझी. एकाने तर तिच्यादेखत "मॅडमकडून क्लच लवकर सुटत असेल" म्हणून विषय मिटवला. तुम्ही तिला विचारलंत आणि ती बोलत असताना मध्ये एक शब्द बोलला नाहीत. ती म्हणाली, गाडी वरच्या गिअरमध्ये पळत असते, झटका नाही की आवाज नाही, काटा खाडकन शून्यावर येतो. डॅशबोर्डचे दिवे लागलेले असतात. वीसेक मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू होते. तुम्ही म्हणालात, "बरोबर पाहिलंत तुम्ही. अर्धं काम झालं." दादा, या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. गाडी दुरुस्त होण्याआधीच ताईच्या खांद्यावरचं ओझं तिथे उतरलं.

आणि अर्धं काम खरंच झालं होतं. गाडी गिअरमध्ये पळत असताना क्लच दाबला नाही, तर इंजिन बंद पडलं तरी चाकं त्याला फिरवतच असतात. म्हणजे काटा काही ना काही आरपीएम दाखवायला हवा. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर, याचा अर्थ इंजिन फिरतंय हे ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कळतच नाहीये. ते कळवण्याचं काम क्रँक सेन्सरचं, म्हणजे इंजिनाच्या क्रँकशाफ्टचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरचं. पेट्रोल कमी पडत असतं तर गाडीने आधी झटके मारले असते, चढावर पिकअप गेला असता आणि काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. सगळे दिवे एकदम गेले असते तर इग्निशन स्विच, बॅटरीचं टर्मिनल किंवा मेन अर्थ बघायचा. फक्त सिग्नलला थांबल्यावर बंद पडत असती तर थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागातला) कार्बन किंवा इनटेकमधली हवेची गळती. पेट्रोल भरल्यावर लगेच बंद पडत असती तर पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप. एका प्रश्नात तुम्ही एवढ्या वाटा मिटवल्यात.

आधीच्यांनी काय केलं होतं? प्लग बदलले, इग्निशन कॉइल बदलली आणि शेवटी पेट्रोल पंप बदलला. पंपाचं कारण असं दिलं, की गाडी बंद पडल्यावर सेल्फ मारला तर पंपाचा आवाज येत नाही, म्हणजे पंप गेला. याचा राग मला अजून आहे. क्रँकचा सिग्नल थांबला की ईसीएम स्पार्क आणि इंजेक्टर तर बंद करतोच, पंपाला वीज देणारा रिलेही सोडून देतो, कारण अपघातात इंजिन थांबल्यावर पेट्रोल वाहत राहू नये. चावी ऑन केल्यावर पंप दोनेक सेकंद चालतो आणि सिग्नल आला नाही तर थांबतो. पंप न वाजणं हा परिणाम होता, तो त्यांनी कारण म्हणून विकला. चांगला पंप काढून दुसरा बसवला आणि गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहिली. स्कॅनरवर दोषाचा कोड येत नाही म्हणून "गाडीत काही दोष नाही" असं सांगणारेही भेटले. इंजिन फिरत असताना काही क्षण सिग्नल हरवला, तर ईसीएमला बऱ्याचदा इंजिन नेहमीसारखं थांबलं असंच वाटतं आणि पी०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या दोषाचा कोड, नोंदला जात नाही. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं होत नाही.

तुम्ही गाडी गरम होऊन बंद पडेपर्यंत चालवलीत. बंद पडल्यावर थंड व्हायची वाट न बघता तिथल्या तिथे स्कॅनरचा लाइव्ह डेटा उघडलात आणि सेल्फ मारलात. स्टार्टर जोरात फिरतोय, स्कॅनरवर आरपीएम शून्य. सेन्सर चालू असता तर सेल्फ मारताना तिथे 150 ते 250 दिसले असते. मग सेन्सरवर थोडं थंड पाणी सोडलंत आणि गाडी चालू झाली. इथे दुसरा कुणी थांबला असता. तुम्ही सेन्सर काढून रोध मोजायचा मीटर लावलात, कारण पाणी कपलरवरही (वायरींच्या जोडावरही) पडलं असणार आणि दोष वायरिंगचाही असू शकतो, हे तुमच्या डोक्यात होतं.

तो दोन वायरींचा, कॉइलचा सेन्सर. थंड असताना मीटर 850 ओहमच्या आसपास दाखवत होता. हीट गनने तापवत नेलात तसा आकडा 1,000 च्या वर सरकला. मला वाटलं हाच दोष, तर तुम्ही म्हणालात, थांबा. तांब्याची तार तापली की दर अंशाला तिचा रोध साधारण 0.4 टक्के वाढतो, तेव्हा 60-70 अंश तापल्यावर पाव हिस्सा वाढणं साहजिक आहे. आणि मग मीटरवर सर्किट एकदम तुटलेलं दिसलं, आकडाच गेला. थंड केला की परत 850. आतली केसासारखी तार कुठेतरी तुटलेली, गार असताना टोकं टेकतात आणि तापली की सुटतात. वीस मिनिटांचं कोडं तिथे सुटलं. (तीन वायरींचा, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला हॉल सेन्सर असेल तर असं ओहम मोजून काही कळत नाही, तिथे सप्लाय, अर्थ आणि सिग्नल तपासावा लागतो, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत.)

नवा सेन्सर बसवण्याआधी बसायची जागा पुसलीत, सेन्सर ज्यावरून फेरे टिपतो त्या दातेरी चाकाचे दात टॉर्चने पाहिलेत, कपलरची एकेक पिन ओढून बघितलीत. वायरिंगची क्लिप तुटून हार्नेस एक्झॉस्टजवळ लोंबत होता, तो वर घेऊन केबल टायने बांधलात. ते राहिलं असतं तर नव्या सेन्सरची वायर भाजली असती. बिलात हे काम कुठेच नव्हतं.

अशी माणसं आहेत म्हणून जुन्या गाड्या चालतात आणि लोक गॅरेजची पायरी चढायला धजतात. ज्याला येतं त्याने समोरच्याला अडाणी न ठरवणं, जे मोजता येतं ते अंदाजाने न बदलणं, एवढंच हवं असतं. डॉक्टरकडून हवं असतं, शिक्षकाकडून हवं असतं, आणि मिळालं की माणूस विसरत नाही.

निघताना मोकळ्या मैदानात अगदी कमी वेगात चावी एक घर मागे घेऊन ताईला बंद इंजिनाची गाडी थांबवायला शिकवलीत, तेही लिहून ठेवतो. चावी पार मागे न्यायची नाही, स्टेअरिंग लॉक होईल. स्टेअरिंग जड होतं, पण फिरतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, म्हणून पंप न करता एकदाच घट्ट दाबून धरायचा. हॅझर्ड लावायचे, न्यूट्रल करायची, कडेला घ्यायची. ताई आता हायवेला एकटी जाते.

तिनेच विचारायला सांगितलंय, थ्रॉटल बॉडी साफ करून घ्यायची तुम्ही म्हणाला होतात, त्यासाठी गाडी कधी आणू?

तुमचा,
ताईचा धाकटा भाऊ