दात्याच्या टेबलापाशी

प्रिय मीनल,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे; पाठ दुखते, पण काम अडत नाही.

परवा आमच्याकडे मांजराचे मूत्रपिंडरोपण झाले. भूल देण्यासाठी मी या वेळी दात्याच्या टेबलाशी होते, आणि तेव्हापासून जे मनात घोळते आहे ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

रुग्ण मांजराची अवघड बाजू तुला सांगायला नको. रक्तात युरिया साठलेला, हिमोग्लोबिन उतरलेले, ४ किलोच्या देहात सगळे मिळून पाव लिटर रक्त. भुलीचे आयसोफ्लुरेन वाढवले की रक्तदाब कोसळतो, म्हणून वेदना दाबणारे फेंटानिल चालू ठेवून आयसोफ्लुरेन कमीत कमी द्यायचे; सरासरी दाब ६०च्या खाली गेला तर नव्या मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर तोच दाब इतका चढू शकतो की झटके येतात. सगळ्यांचे लक्ष तिकडे असते, ते रास्तच आहे.

पण दाता बोका धडधाकट होता. रुग्णाच्या मालकिणीने त्याला कायमचे दत्तक घेतले आहे, तरीही या भुलीतून त्याच्या स्वतःच्या देहाला काहीच मिळायचे नव्हते. डावे मूत्रपिंड मोकळे करताना, पंजावर लावून नाडी ऐकवणाऱ्या डॉप्लरचा आवाज एकाएकी बारीक झाला. मी आयसोफ्लुरेन उतरवले, सलाईन वाढवले आणि आवाज भरून येईपर्यंत त्याच्या पंजावरून नजर हलवली नाही. मूत्रपिंड निघाले, आणि त्याच्यामागोमाग माणसेही पलीकडच्या टेबलाकडे गेली. पोट शिवून होईपर्यंत इकडे उरलो आम्ही तिघेच, त्यातली एक विद्यार्थिनी.

परळच्या होस्टेलवरचे आपले भांडण आठवते? डॉ. सेन यांनी १९६८ मध्ये शेजारच्या केईएम रुग्णालयात हृदयरोपण केले, त्याआधी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांचे मी कौतुक करत होते आणि तू चिडून विचारले होतेस की त्या कुत्र्यांच्या उशाशी कोण बसत असे. तेव्हा मी तुला हळवी म्हटले होते. आज मात्र तुझा प्रश्न मला साध्या व्यवहाराचा वाटतो: दात्याची भूल नवशिक्याकडे का सोपवायची?

दात्याला अनुभवी भूलतज्ज्ञ हवा आणि दाता शुद्धीवर येऊन त्याच्या श्वासाची नळी निघेपर्यंत दोन माणसांनी त्याच्यापासून हलू नये, असे मी विभागाला लेखी देणार आहे. मसुदा पाठवते, तुझी लेखणी त्यावर निर्दयपणे फिरव.

सईच्या दहावीचे काय झाले? दवाखान्याच्या नव्या जागेचे जमले का? काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वसुधा