चेतकचा काटा का नाचतो?

पुणे,
रविवार

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तुझा व्हिडिओ दोनदा-तीनदा पाहिला. गाडी एकसारख्या चालीनं चाललेली ऐकू येते, आणि वेगाचा काटा मात्र वीसवरून पन्नासवर आणि पन्नासवरून पुन्हा खाली उड्या मारतोय. तुझा गॅरेजवाला नवं मीटर घालू म्हणतो, असं तू लिहिलंयस. मीटर बदलू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको. नानांच्या बजाज चेतक स्कूटरवरचं ते मीटर कंपनीनं बसवलेलं आहे, त्यात त्यांनी चालवलेले सगळे किलोमीटर आहेत, आणि माझी जवळजवळ खात्री आहे की दोष त्याच्यात नाही.

पण काटा असाच राहू दे, असं मात्र मुळीच म्हणत नाही. तू आत्ताच बोअर करून घेतलंस, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा केलास. नवा पिस्टन, नव्या रिंगा. पहिले काहीशे किलोमीटर ही गाडी चाळीसच्या आतच चालायला हवी, तेही एकाच वेगावर ताणून नाही. टू-स्ट्रोक इंजिन नव्या बोअरवर तापलं की पिस्टन सिलिंडरला धरतो, आणि धरला की केलेलं सगळं काम वाया. अशा वेळी काटाच खोटं बोलत असेल तर तू चालवणार कशाच्या भरवशावर? शिवाय या गाडीला पेट्रोलचा काटा नाही, रिझर्व्हचा कॉक तेवढा आहे. नाना पेट्रोलचा हिशोब किलोमीटरवरच ठेवायचे, तूही तेच करतोस. म्हणजे हे मीटर शोभेचं नाही.

तोवर एक सोपा उपाय. चाळीसच्या वेगानं एक किलोमीटर जायला बरोबर 90 सेकंद लागतात. महामार्गावरच्या लागोपाठच्या दोन मैलदगडांमधल्या एका किलोमीटरची वेळ बघ. 90 च्या खाली आली तर हात सैल कर. फोनमधला जीपीएसही वेग दाखवतो, पण चालवताना फोनकडे बघू नकोस, मागे श्रेयाला बसव आणि तिला वाचायला सांग.

आता काटा हलतो कसा ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की दोष शोधणं अवघड राहत नाही. पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक छोटं पिनियन, म्हणजे दात्यांचं चाक, असतं. चाक फिरलं की ते फिरतं, आणि त्याच्या चौकोनी भोकात केबलच्या इनरचं, म्हणजे आतल्या तारेचं, टोक अडकलेलं असतं. ही इनर फोर्कच्या नळीतून हँडलपर्यंत वर येते आणि मीटरमधला एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाला घालून एक ॲल्युमिनियमची वाटी आहे, काटा तिलाच जोडलेला आहे, पण ती चुंबकाला चिकटलेली नाही. चुंबक फिरला की वाटीत वीजप्रवाहाचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा जिथे मेळ बसतो, तिथे काटा थांबतो. ओट्टो शुल्झे नावाच्या जर्मन माणसानं 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि चेतक 1972 मध्ये आकुर्डीहून बाहेर पडली तेव्हाही तिच्या हँडलवर हेच तत्त्व बसलेलं होतं. मला या रचनेचं फार कौतुक आहे. चुंबक आणि काटा यांच्यामध्ये एकही दाता नाही, तरी वेग कळतो.

यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट अशी. काट्याला चुंबकाचा त्या क्षणाचा वेग कळतो. किलोमीटरच्या आकड्यांना मात्र फक्त एकूण फेरे कळतात, कारण ते दात्यांनी जोडलेले आहेत. म्हणून आधी रस्त्यावर जाऊन हे बघ: दगडांवरून मोजून दहा किलोमीटर गेल्यावर मीटरवर दहाच पडतात का? आकडा नेमका बदलतानाच मोजायला सुरुवात कर. दहाला दहा पडले आणि तरी काटा नाचत असला, तर फेरे सगळे वर पोचतायत, फक्त अडखळत पोचतायत. मग दोष बहुतेक केबलचा. दहाच्या जागी आठ-साडेआठ पडले तर कुठेतरी घसरतंय: पिनियनचे दाते झिजलेत, नाहीतर इनरचं चौकोनी टोक गोल झालंय. या एका चाचणीनं अर्धं काम होतं आणि पान्यालाही हात लावावा लागत नाही.

व्हिडिओवरून मला केबलचाच संशय आहे, त्याचं कारण ऐक. इनर ही एक तार नसते. पोलादाच्या बारीक तारांचे थर एकावर एक उलटसुलट गुंडाळून ती केलेली असते, म्हणजे वाकते पण पीळ सहज खात नाही. आतलं ग्रीस वाळलं, धूळ बसली, की ती बाहेरच्या कव्हरला आतून घासायला लागते. मग होतं असं, की खालून चाक फिरवत राहतं, वरचं टोक अडकून राहतं, मधली तार ओलं धोतर पिळल्यासारखी पीळ खात जाते आणि एका क्षणी सुटते. सुटली की चुंबक झटक्यानं फिरतो, काटा पन्नासवर जातो. पुन्हा अडकली की खाली येतो. तुझा काटा कमी वेगात जास्त नाचतो आणि वेग वाढला की थोडा स्थिरावतो, हे तू लिहिलंयस ते याच्याशी अगदी जुळतं. वेग वाढला की तार अडकायला फुरसत मिळत नाही.

घरी बघायचं ते असं. पुढून पायठाण्याखाली लाकडाचा ठोकळा दे, पुढचं चाक अधांतरी राहील. हेडलाईट सोडव, हात आत घाल, मीटरच्या मानेवरचा केबलचा नट हातानंच सुटतो. पक्कड लावू नकोस, मीटरच्या मानेचे आटे मऊ असतात. आता कुणाला तरी चाक सावकाश, एकसारखं फिरवायला सांग आणि तू इनरचं वरचं टोक दोन बोटांत हलकेच धर. बोटांना सगळं कळतं. एकसारखं फिरलं तर केबल बरी. थांबून-थांबून, झटके देत फिरलं तर केबल वाईट. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा बघ. एका बाजूला वळवल्यावरच झटके वाढत असतील तर वरच्या वळणापाशी कव्हर मुडपलंय. झटका चाकाच्या ठरावीक जागीच येत असेल तर चाकावर खडूनं खूण कर आणि पुन्हा फिरवून बघ. तसाच आला तर हबमधल्या, पिनियन फिरवणाऱ्या आट्यांकडे बघावं लागेल.

केबल वाईट निघाली तर इनर वरून हलक्या हातानं ओढून काढ. येत नसेल तर खाली हबपाशी जोडणी सोडव. बाहेर आली की रॉकेलनं धू, पूस, आणि स्वच्छ फरशीवर तळव्याखाली लाटल्यासारखी फिरव. कुठे वाकलेली असेल तर तिथे ती फरशीवरून उचलते आणि आपटते. दुसरी परीक्षा: दोन्ही टोकं दोन हातांत धरून तिचा मोठा कमानीसारखा वाक कर, एक टोक सावकाश फिरव. दुसरं त्याच चालीनं फिरायला हवं. मध्येच थांबून टुणकन उडी मारत असेल तर ती इनर सरळ करायच्या फंदात पडू नकोस. एकदा मुडपलेली तार पुन्हा तशी फिरत नाही.

कव्हर धुवायचं असेल तर आधी त्याचं खालचं टोक हबमधून पूर्ण बाहेर काढ. नाहीतर वरून ओतलेलं रॉकेल पुढच्या ब्रेकच्या लायनरवर जाईल आणि पुढचा ब्रेक गेलाच म्हणून समज. कव्हरसकट सगळंच काढायची वेळ आली तर टोकाला आधी मजबूत दोरी बांध, म्हणजे नवी केबल फोर्कच्या नळीतून ओढून घेता येईल. दोरी न बांधता काढली तर नवी केबल घालताना अख्खी दुपार जाते.

ग्रीसचं जरा मन लावून वाच. बहुतेक जण इथेच गडबड करतात. लिथियमचं पातळ ग्रीस घे, खालच्या दोन-तृतीयांश भागाला बोटानं नुसता हात फिरव, आणि वरची वीतभर इनर कोरडी ठेव. फिरणाऱ्या तारेच्या पिळातून ग्रीस वर चढत जातं. जास्त घातलंस तर ते मीटरमध्ये शिरेल, चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये बसेल, आणि मग वाटी ग्रीसनं ओढली जाईल. गाडी तीसवर आणि काटा सत्तरवर, असं दिसलं की समजायचं ग्रीस वर पोचलं. तो दोष धुऊन काढायला मीटर उघडावं लागतं. खोबरेल तर अजिबात नको. कोल्हापूरच्या थंडीत सकाळी ते गोठतं, आणि काटा पुन्हा नाचतो.

नवी इनर आणलीस तर जुनीच्या शेजारी ठेवून लांबी मोज. जरा लांब असली तर ती मीटरच्या दांडीला वर रेटते, काटा थरथरतो, आवाज येतो आणि दांडी ज्यात फिरते ते बुश खराब होतं. आखूड असली तर चौकोनी टोक पूर्ण बसत नाही, घसरतं, आणि थोड्याच दिवसांत गोल होतं. दुकानदार म्हणेल सगळ्या सारख्याच असतात. ऐकू नकोस, मोजून घे.

आणि केबल अगदी एकसारखी फिरत असेल तर? मग मीटर. तेही खोलायच्या आधी वेगळं तपासता येतं. जुन्या इनरचा वीतभर तुकडा, चौकोनी टोक धरून, ड्रिलमध्ये लाव आणि अगदी हळू चालव. काटा शून्याच्या खाली जायला बघत असेल तर ड्रिल उलटं फिरव. काटा एका जागी ठाम राहिला तर मीटर निर्दोष आहे, ही चाचणी गॅरेजवाल्यालाही दाखव. इथेही थरथरला तर मानेपाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोड, फक्त एक, आणि रात्रभर उलटं ठेव. बहुतेक वेळा दांडीचं बुश कोरडं पडलेलं असतं. किलोमीटरचे आकडे जाम झाले असतील तर केबलवर ओझं येतं आणि ती तुटते, तेही बघ. त्यापुढचं काम मीटरवाल्याचं. कडेची रिम उलगडून काच काढणं आणि पुन्हा दाबून बसवणं हे हाताचं कसब आहे, आणि आतल्या स्प्रिंगला बोट लागलं तर वेग कायमचा चुकतो.

पिनियन निघालं झिजलेलं, तर ती स्वस्तातली गोष्ट आहे. प्लॅस्टिकचं, करंगळीच्या टोकाएवढं. दाते नखानं चाचपून बघ, धार आलेली असेल तर बदल. कोल्हापुरात उद्यमनगरात मिळालं नाही तर मला कळव, इथे पुण्यात नाना पेठेत बघतो. पण जुनं पिनियन पाकिटात घालून पाठव, दाते मोजूनच आणीन. दाते कमीजास्त झाले तर काटा नाचणार नाही, पण कायमचा चुकीचा वेग दाखवेल, आणि ते जास्त वाईट. नाचणाऱ्या काट्यावर निदान कुणी विश्वास तरी ठेवत नाही.

सुरेशभाऊंच्या जीपचं विचारलंयस. तिथे केबल चाकापासून नाही, ट्रान्स्फर केसपासून येते, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या दात्यांच्या पेटीपासून. सील गेलं की आतलं तेल केबलमधून वर चढतं. मीटरची काच आतून तेलकट दिसत असेल तर केबल बदलून उपयोग नाही, आधी सील. भाच्याच्या गाडीत मात्र केबलच नसेल, तिथे सेन्सर आणि वायरिंग बघावं लागतं. त्याचं मला एवढं समजत नाही, त्यानं जाणत्या माणसाला दाखवावं.

एवढं सगळं करून झालं की काटा बसल्यावर पुन्हा दहा किलोमीटरची परीक्षा घे, आणि बोअरचे किलोमीटर पुरे होईपर्यंत पन्हाळ्याचा घाट चढू नकोस. श्रेया कितीही हट्ट करू दे. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किती तापतं ते तुला ठाऊक आहे. नंतर मी येतोच आहे, तेव्हा जाऊ.

इनरची लांबी, आणि दहाला किती पडले तो आकडा, दोन्ही कळव. वहिनींना नमस्कार, नानांना साष्टांग.

तुझा,
अविनाश