तारीख का पडते, हे मुलांना कळू द्या

महोदय,

आठवीच्या राज्यशास्त्रात ‘भारतातील न्यायव्यवस्था’ हा धडा आहे. मुले सर्वोच्च, उच्च, जिल्हा न्यायालय अशी उतरंड पाठ करतात. पण 18 ऑगस्ट 2025 पासून साताऱ्याची उच्च न्यायालयातली अपिले कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात, हे अनेकांना माहीत नसते. डोक्यातले कोर्ट तर सिनेमातलेच असते. आपल्याकडे न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. साक्षीदारही ग्रंथावर हात ठेवत नाही. 1969 च्या शपथ कायद्याप्रमाणे तो ईश्वराची शपथ घेतो किंवा प्रतिज्ञा करतो.

यावर उपाय म्हणजे चालू कोर्ट दाखवणे. कोर्ट सर्वांना खुले असते. तरी शाळेने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना आधी पत्र द्यावे. बसभर मुले नेली तर निम्मी दारातच उभी राहतात, म्हणून एका वेळी बारा-पंधराच न्यावीत. सकाळचा पहिला वेळ बहुतेक पुकाऱ्यात, म्हणजे प्रकरणांची नावे पुकारण्यात, आणि पुढच्या तारखा देण्यात जातो. तेवढेच पाहून परतलेली मुले ‘कोर्टात काहीच होत नाही’ असे ठरवून टाकतात. तेव्हा आदल्या दिवशी न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहून साक्षीपुरावा लागलेली दोन-तीन प्रकरणे हेरून ठेवावीत, कारण एखादा साक्षीदार हमखास गैरहजर असतो. पोक्सोची (बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्याखालची) प्रकरणे बंद दाराआड चालतात, नवरा-बायकोचे वादही बऱ्याचदा तसेच, ती वगळावीत.

आमच्या मते खरा धडा तारखेतच आहे. फौजदारी खटला थांबतो तो समन्स बजावले गेले नाही म्हणून: पत्ता पाटण तालुक्यातल्या गावचा आणि साक्षीदार मुंबईत कामाला. कधी न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नसतो, कधी आरोपीला तुरुंगातून आणलेले नसते. वाटपाच्या दाव्यात प्रतिवादी मयत झाला की वारसांची नावे लावण्याचा अर्ज 90 दिवसांत द्यावा लागतो. तो चुकला तर त्या मयतापुरता दावा आपोआप बाद होतो आणि ते उठवून घ्यायला वेगळा अर्ज, पुन्हा नोटिसा. शिक्षकांनी निकाल लागलेला एखादा दिवाणी दावा निवडावा. त्याचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की ई-कोर्ट्सवर तारखांचा इतिहास दिसतो. प्रत्येक तारखेपुढे मुलांनी दोनच गोष्टी लिहाव्यात: काम का थांबले, आणि ते कोणाला टाळता आले असते. पक्षकारांची नावे झाकावीत. गावात ती माणसे ओळखीची निघतात.

शाळेतल्या अभिरूप (नकली) न्यायालयात वकिलांची भाषणेच फार होतात. त्याऐवजी एका साक्षीदाराचा सरतपास (त्याला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न) आणि उलटतपास (विरुद्ध बाजूच्या वकिलाचे प्रश्न) घ्यावा. ‘तुम्ही त्या रात्री शेतातच होतात ना?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न सरतपासात सहसा चालत नाही, उलटतपासात चालतो. हा फरक मुलांना एका तासात पक्का समजतो.

स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो आणि त्यासाठी विधी सेवेचा 15100 हा दूरध्वनी क्रमांक आहे, हे वर्गात फळ्यावर कायम लिहिलेले असावे.

वडूज, दहिवडी, फलटण, पाटणच्या शाळांना यासाठी साताऱ्यापर्यंत यायचीही गरज नाही. बांधाचे, वाटपाचे, मारामारीचे दावे-खटले तालुक्याच्या कोर्टातच चालतात आणि तिथल्या विधी सेवा समितीकडेही असेच पत्र देता येते.

– काही वकील व शिक्षक, सातारा