वेळ न सांगणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

शिरसाष्टांग नमस्कार.

या महिनाअखेरीस तुम्ही निवृत्त होताय आणि सत्कार, शाल, श्रीफळ काहीही नको असं शाळेला बजावलंय, हे आईकडून फोनवर कळलं. मी त्या दिवशी बोटीवर असेन. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. देवगड तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या पीटीच्या सरांनी मुलींना काय काय दिलं, ते तालुक्याबाहेरही कळायला हवं.

तुमचं निरोप देणं मला आधी आठवतं. कबड्डीच्या सरावाची वेळ तुम्ही कधीच सांगितली नाहीत. नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात खडूने नुसती तिथी लिहायचात. बाकीचं आम्ही काढायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात ठाऊक असतं. पण त्यावरून आपलं मैदान कधी मोकळं होणार हे काढायला आम्हाला तुम्ही लावलंत. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला भरती, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला समुद्र पार खाली गेलेला आणि पुळण घट्ट, ओली, खेळायला एक नंबर. अष्टमीला सहाला पाणी भरलेलं, म्हणजे त्या दिवशी शाळेच्या तांबड्या पटांगणात गुडघे सोलून घ्यायचे. आणि द्वितीया-तृतीयेला ओहोटी पावणेआठ-साडेआठची, म्हणजे सराव दिवेलागणीनंतर. आमच्या आया ओढून ठेवलेल्या होडीला टेकून गप्पा मारत बसायच्या आणि तुम्ही जाळ्याच्या दोरीला मारलेल्या गाठी मोजत बारा बाय आठ मीटरचं मैदान टाचेने आखायचात. मध्यरेषेपासून तीन मीटरवर निदान रेषा, चार मीटरवर बोनस रेषा. रेषा पुसट झाली की कोणीतरी पुन्हा टाच ओढायची, खेळ न थांबवता.

मी डावा कोपरा. चढाई करणारी अंगावर आली की मला तिच्या घोट्याशिवाय काही दिसायचं नाही. नेमक्या त्या क्षणी तुम्ही ओरडायचात, "किती?" आपल्या बाजूला किती जणी उभ्या आहेत, ते मान न वळवता सांगायचं. चढाईवर असलेलीच्या तोंडी 'कबड्डी कबड्डी' चालू, म्हणून तिने समोर किती आहेत ते बोटांनी दाखवायचं. सहा किंवा सात उभ्या असतील तरच बोनस मिळतो. तिघी किंवा त्याहून कमी असताना पकड केली तर अव्वल पकडीचा जादा गुण. एका आकड्याने पुढची सगळी चाल बदलते. पण 'बोनस घे' किंवा 'आता धर' असं तुमच्या तोंडून कधी आलं नाही. आकडा आमच्याकडून घ्यायचात आणि निर्णय आमच्यावर सोडायचात. जिल्ह्याच्या सामन्यात बाकीचे मार्गदर्शक रेषेबाहेरून घसा फोडून एकेक चाल सांगत होते आणि तुम्ही हाताची घडी घालून बसला होतात. ते पाहून आमच्याच काही पालकांनी नाकं मुरडली होती. मला तेव्हाही तुमचंच बरोबर वाटलं होतं आणि आजही वाटतं. तीस सेकंदांच्या चढाईत बाहेरचा आवाज आत पोहोचेपर्यंत पाय पडून गेलेला असतो.

काळोखातला सराव संपला की पाणी प्यायला बसायचो आणि तुमचे प्रश्न वर वळायचे. ध्रुव दाखवून तुम्ही म्हणायचात, हात लांब करून क्षितिजावर मूठ ठेवा, मोजा. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण दहा अंशांची. आमच्या किनाऱ्यावर ध्रुव दीड मुठीहून किंचित वर यायचा. मग प्रश्न: मुंबईला गेलात तर वर जाईल की खाली? दक्षिणेकडे अगस्त्य, आणि वैशाखातल्या रात्री समुद्राला जवळजवळ टेकलेला त्रिशंकू. दिल्लीतल्या माणसाला तो पुरता का दिसत नसेल? जूनमध्ये मासेमारी बंद, होड्या झावळ्यांनी शाकारलेल्या, बाहेर मृगाचा पाऊस, आणि तुम्ही वर्गात विचारलंत, "मृग लागला म्हणता, मग हल्ली रात्री मृग दिसत का नाही?" ढग आहेत म्हणून, असं आम्ही म्हणालो. तुम्ही मान हलवलीत आणि तो प्रश्न तसाच ठेवलात. चार-पाच दिवस डोकं खाजवल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की मृग लागला म्हणजे सूर्यच त्या नक्षत्रात गेलाय, मृग सूर्याबरोबर उगवतो नि त्याच्याबरोबर मावळतो. तो दिवस मी विसरणार नाही. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अचानक कळली होती.

विजयदुर्गाची सहलही तशीच. ग्रहण बघायला बांधले असं सांगतात त्या किल्ल्यावरच्या साहेबाच्या ओट्यांवर आम्ही उड्या मारत होतो, कारण हेलियमचा शोध इथेच लागला हे आम्हाला पाठ होतं. तुम्ही तारीख दिलीत, १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण. मग विचारलंत, कोणी बघितलं, कुठून, आणि नेमकं काय? ग्रंथालयात शोधताना कळलं की त्या ग्रहणाचे वेध फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून घेतले, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने सूर्याच्या कडेच्या वर्णपटातली पिवळी रेषा इंग्लंडमधून त्याच वर्षी ऑक्टोबरात पाहिली, आणि त्या पिवळ्या रेषेचा वायू पृथ्वीवर हाती लागायला १८९५ साल उजाडलं, तेही रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीच्या प्रयोगशाळेत. गावाचा अभिमान तुम्ही मोडला नाहीत, पण ऐकलेलं तपासायचं कसं ते दाखवलंत.

बारावीनंतर बोटीवर जायचं म्हटलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "चेडू आणि बोटीर?" स्वतः जन्मभर समुद्रात गेलेला माणूस, पण मुलीसाठी त्यांना तो समुद्र परका वाटला. तुम्ही घरी आलात, ओट्यावर बसलात आणि बाबांनाच विचारत राहिलात. वारा कसा ओळखता, काळोखात बंदर कसं सापडतं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? बाबा तासभर बोलले. शेवटी फॉर्मवर सही करून आत गेले. एका कंपनीने आम्ही मुली घेत नाही असं तोंडावर सांगितलं, तेव्हा तुम्ही रातराणीने माझ्याबरोबर मुंबईला आलात आणि दिवसभर एकेका कार्यालयाच्या बाकावर बसून राहिलात. त्या दिवसाची रजा तुम्ही बिनपगारी टाकली होतीत, हे मला फार उशिरा, तेही दुसऱ्याकडून कळलं. यासाठी तुमचे आभार कसे मानायचे, मला खरंच सुचत नाही.

डीएनएस (नॉटिकल सायन्सची पदविका) झालं, कॅडेट म्हणून अठरा महिन्यांचा समुद्र झाला, परीक्षा आणि तोंडी झाल्या. बोटीवरची बढती आकाशातही दिसते, हे तुम्हाला आवडेल. थर्ड ऑफिसरची पाळी आठ ते बारा, म्हणजे नुकतं वर आलेलं आकाश. सेकंड ऑफिसरची बारा ते चार, म्हणजे मध्यरात्र. आणि आता चीफ ऑफिसर झाल्यावर चार ते आठ, पहाटेची आणि संध्याकाळची. ताऱ्यांचे वेध घ्यायला हीच पाळी लागते, कारण तारेही दिसायला हवेत आणि क्षितिजही, आणि ती वेळ उष्ण कटिबंधात चटकन संपते. सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्याच्या उंचीचा कोन मोजायचं यंत्र, त्याच्या आरशातून तारा खाली आणायचा, हात किंचित झुलवायचा, तारा क्षितिजाला जेमतेम शिवला की वेळ टिपायची, सेकंदासकट. चार सेकंद चुकले तर रेखांश एका मिनिटाने चुकतो, म्हणजे विषुववृत्तावर एक सागरी मैल. ध्रुवाची उंची घेऊन, नाविक पंचांगातली छोटीशी दुरुस्ती करून, अक्षांश सरळ हातात येतो. विषुववृत्त ओलांडताना तो उत्तरेला बुडाला आणि पुढे केप ऑफ गुड होपच्या वाटेवर आपल्या पुळणीला टेकणारा त्रिशंकू डोक्याच्या दिशेने चढत गेला, तेव्हा तुमचा मुठीचा हिशेब मला पृथ्वीएवढा मोठा दिसला.

मागच्या वर्षी आखातात जीपीएसने आमचं जहाज चक्क जमिनीवर दाखवलं. तिथे हल्ली सिग्नलमध्ये गडबड होते. कॅप्टन वर आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "आपण कुठे आहोत?" पडद्याकडे बोट न दाखवता मी रडारवरून किनाऱ्याची दोन अंतरं आणि एक दिशा घेतली, नकाशावर मांडली आणि जागा सांगितली. कुठल्याही परीक्षेच्या आधीपासून, तुमच्या "किती?" पासून, मला याची सवय होती. हे तुमच्यापर्यंत पोहोचावं असं त्याच रात्री वाटलं होतं.

पीटीचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळा मला अजून दिसतात. वाईट वाटतं. माझं निम्मं गणित त्या तासात झालं.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवून सोनं घेतलं, तेव्हा पहिला विचार तुमचाच आला. एका गुणाचा सामना होता. तुम्ही तो हाताची घडी घालूनच पाहिला असणार.

सप्टेंबरात सुटीवर येतेय. माझा स्वतःचा सेक्स्टंट आहे, तो शाळेत ठेवावा म्हणतेय, नव्या सरांशी तुम्ही बोलून ठेवा. गणपतीनंतर पाऊस थोडा उघडला तर मुलींना ध्रुव मोजता येईल. विजयदुर्गाचा अक्षांश १६ अंश ३३ मिनिटं आहे, तेवढं कृपा करून त्यांना आधी सांगू नका. बाबांना तुमच्याशी बोलायचंय, गुडघा दुखतो म्हणून ते येऊ शकत नाहीत, तर जमेल तेव्हा घरी चक्कर टाका. आईने कोकम आगळ काढून ठेवलंय.

सर, मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी,
डावा कोपरा